काटा जॅममध्ये चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर पडतो: थर्मोस्टॅट काढून टाकावा का?

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातल्या पाण्याला रेडिएटरची वाट उघडणारी झडप, काढून टाकू नका, आणि हेड (इंजिनाच्या सिलिंडरांवरचे जड झाकण) उतरवायलाही इतक्यात होकार देऊ नका. तुम्ही लिहिलेली लक्षणे एकत्र ठेवून पाहिली तर मला तुमच्या गाडीत दोन स्वतंत्र बिघाड दिसतात. रेडिएटरचा पंखा नीट चालत नाही, हा पहिला; आणि थर्मोस्टॅट उघड्या अवस्थेत अडकला आहे, हा दुसरा. हेड उतरवण्याच्या खर्चापुढे या दोन्हींचा खर्च किरकोळ आहे. मी ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये गॅरेज चालवतो आणि गरम होणाऱ्या गाड्या हे आमचे बारमाही काम आहे. तरीही गाडी समोर नसताना केलेले हे निदान आहे, म्हणून ते पडताळून कसे पाहायचे तेही सविस्तर लिहितो.

इतर वाचकांसाठी तुमची तक्रार थोडक्यात अशी आहे. दहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक रोज कासारवडवलीहून ऐरोलीला जाते. कापूरबावडी ते माजिवडा या पट्ट्यात वाहने खोळंबली की तापमानाचा काटा लाल रेषेकडे चढतो आणि गाडी चालू लागली की खाली येतो. रविवारी पहाटे नाशिक महामार्गाने पडघ्याकडे निघाल्यावर मात्र तोच काटा पाव भागाच्या वर येत नाही. सिग्नलला एसी गरम हवा देतो म्हणून तुम्ही एसीचा गॅस भरून घेतलात, पण फरक पडला नाही. मायलेजही घटले आहे. एका मेकॅनिकने ‘आपल्याकडे कुठे थंडी आहे, थर्मोस्टॅट काढून टाकू’ असे सांगितले, तर दुसऱ्याने ऑइलच्या झाकणाखालचा पांढरट थर दाखवून हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि इंजिन यांच्यामधली सील, गेल्याचे सांगितले.

गाडी गरम होण्याच्या तक्रारीत ती केव्हा गरम होते, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा लागतो, कारण त्याच्या उत्तरातच निम्मे निदान असते. गाडी वेगात असताना समोरून येणारा वारा रेडिएटर थंड ठेवतो आणि पंख्याची फारशी गरज पडत नाही. गाडी उभी राहिली की तो वारा थांबतो आणि सगळा भार एकट्या पंख्यावर येतो. त्यामुळे फक्त उभ्या गाडीत काटा चढत असेल आणि गाडी पळू लागताच उतरत असेल, तर पहिला संशय पंख्यावर घ्यावा. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असता तर पाणी रेडिएटरपर्यंत पोचलेच नसते आणि गाडी महामार्गावरही तितकीच, किंबहुना अधिक लवकर गरम झाली असती.

तुमच्या एसीची तक्रारही याच दिशेने बोट दाखवते. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढ्यात, त्याला जवळजवळ चिकटून बसवलेला असतो आणि बहुतेक छोट्या गाड्यांत दोघांना मिळून एकच पंखा असतो. पंखा थांबला की कंडेन्सरमधली उष्णता बाहेर जात नाही, म्हणून सिग्नलला एसी गरम हवा देतो आणि गाडी निघाली की पुन्हा थंड करू लागतो. गॅस कमी असता तर साधारणपणे चालत्या गाडीतही थंडावा कमी जाणवला असता. तेव्हा गॅस भरणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार झाला. तुम्ही एसीची तक्रार प्रश्नात ओघाने लिहिली आहे, पण माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य तेच आहे.

पंख्याची तपासणी घरी करता येते. सकाळी इंजिन थंड असताना बॉनेट उघडा, गाडी सुरू करा आणि एसी पूर्ण थंडवर लावा. कॉम्प्रेसर ‘टक’ असा आवाज करून लागला की बहुतेक गाड्यांत काही सेकंदांतच पंखा फिरू लागतो. तो फिरला तरी तेवढ्यावर समाधान मानू नका. वर्तमानपत्राचा अर्धा कागद पुढच्या जाळीसमोर धरा. पंखा रेडिएटरच्या मागे बसून हवा आत ओढत असतो, त्यामुळे कागद जाळीला घट्ट चिकटून राहिला पाहिजे. तो गळून पडत असेल तर पंखा मंद फिरतो आहे किंवा हवेची वाट बुजली आहे. आणि कागद उलट बाहेर ढकलला जात असेल तर पूर्वी कधीतरी मोटर बदलताना तिच्या वायरी उलट जोडल्या गेल्या आहेत. यानंतर एसी बंद करून गाडी उभ्यानेच चालू ठेवा आणि काटा मध्याच्या थोडा वर जाईपर्यंत पंखा आपोआप लागतो का ते पाहा. पुष्कळ गाड्यांत तो ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास सुरू होतो. या वेळी हात आणि ओढणी, टाय, बाह्या पंख्यापासून दूर ठेवा, कारण काही गाड्यांत चावी काढल्यानंतरही पंखा अचानक सुरू होऊ शकतो.

पंखा फिरतच नसेल तर आधी त्याचा फ्यूज पाहा, मग रिले, म्हणजे पंख्याला वीज जोडणारा छोटा स्विच. फ्यूज बॉक्समध्ये त्याच क्रमांकाचा दुसरा रिले, पुष्कळदा हॉर्नचा, सापडतो. दोघांची अदलाबदल केली की रिलेचा दोष आहे की नाही हे मिनिटाभरात कळते. त्यानंतर मोटरचा कनेक्टर काढून त्याच्या आत नीट पाहा. जुन्या गाड्यांत त्यातली एक पिन काळपटलेली असते आणि तिच्याभोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलेले असते. तसे दिसले तर सैल पकडीमुळे तिथे उष्णता होत होती आणि मोटरला पूर्ण वीज मिळत नव्हती असे समजावे, आणि कनेक्टरच बदलून घ्यावा, नुसती वायर पिळून जोडू नये. कनेक्टर चांगला असेल तर गॅरेजमध्ये मोटरला बॅटरीवरून थेट जोडणी देऊन पाहायला सांगा. तशी ती जोरात फिरली तर दोष रिलेत, वायरिंगमध्ये किंवा सेन्सरमध्ये आहे. तशीही फिरली नाही, किंवा पान हाताने ढकलल्यावरच फिरू लागली, तर तिचे कार्बन, म्हणजे मोटरच्या आत वीज पोचवणारे तुकडे, झिजले आहेत. पावसाळ्यात रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गाडी काढावी लागली असेल तर मोटरचे बेअरिंग गंजून ती जड झालेली असण्याचीही शक्यता आहे. पंख्याला दोन वेग असलेल्या काही गाड्यांत कमी वेगाचा रेझिस्टर जळतो. मग पंखा एकदम शेवटी, काटा बराच वर गेल्यावर, पूर्ण वेगात लागतो आणि मालकाला वाटते की पंखा तर चालतो आहे. हा दोष ओळखायला सर्वांत अवघड जातो, म्हणून पंखा केव्हा लागला याकडे लक्ष असू द्या.

घोडबंदर रोडवर रोज जाणाऱ्या गाड्यांसाठी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. मेट्रोच्या बांधकामाची आणि खणलेल्या रस्त्याची बारीक धूळ कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन बसते, पावसात भिजते आणि वाळून तिचे नमद्यासारखे अस्तर तयार होते. समोरून बॅटरी मारून पाहिले तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, कारण खरा मळ त्याच्या मागे असतो. पंखा दुरुस्त करताना तो बाहेर निघतोच. त्याच वेळी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला साध्या नळीने पाणी मारून हा मळ काढून घ्या. सर्व्हिस सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारू देऊ नका, त्याने रेडिएटरच्या नाजूक पट्ट्या आडव्या पडतात आणि हवेचा मार्ग कायमचा अडतो.

आता थर्मोस्टॅट. तो एक साधा, विजेविना चालणारा व्हॉल्व्ह आहे. त्याच्या पितळी डबीत विशिष्ट मेण भरलेले असते. ठरावीक तापमानाला ते वितळून फुगते, आतली दांडी ढकलते आणि स्प्रिंगच्या विरुद्ध झडप उघडते. पाणी थंड झाले की मेण आकसते आणि स्प्रिंग झडप पुन्हा लावून टाकते. झडप कोणत्या तापमानाला उघडायला लागेल तो आकडा, म्हणजे ८२ किंवा ८८ यांसारखा, बहुधा त्याच्या अंगावरच कोरलेला असतो आणि त्यापुढे साधारण दहा-पंधरा अंशांवर ती पूर्ण उघडते. मेणाची डबी गळाली तर झडप सहसा बंद राहते आणि गाडी उकळते. स्प्रिंग तुटली किंवा झडपेत गंजाचा कण अडकला तर ती उघडी राहते आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर गरमच होत नाही. पहाटेच्या महामार्गावर तुमचा काटा पावाशी रेंगाळतो याचे हेच कारण असावे. उघडा राहिलेला थर्मोस्टॅट जॅममध्ये गाडी गरम करू शकत नाही, हे मात्र लक्षात घ्या. म्हणूनच मी दोन बिघाड म्हणतो. एवढेच नव्हे, तर थर्मोस्टॅट सतत उघडा असल्यामुळे इंजिन मुळातच थंड राहत होते आणि पंख्याचा दोष लहान जॅममध्ये उघडकीस येत नव्हता, असेही झालेले असू शकते.

पडताळणीसाठी सकाळी थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या जाड रबरी पाईपला अधूनमधून हात लावून पाहा. थर्मोस्टॅट चांगला असेल तर हा पाईप बराच वेळ गार राहतो आणि मग झडप उघडताच थोड्याच अवधीत चांगलाच तापतो. तुमच्या गाडीत तो सुरुवातीपासूनच इंजिनाबरोबर हळूहळू कोमट होत गेला तर झडप उघडी आहे. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाईपाच्या बाजूला असतो. तिथे हीच खूण खालच्या पाईपावर पाहावी लागते, म्हणून आधी मॅन्युअलमध्ये त्याची जागा पाहून घ्या.

याहून खात्रीची पद्धत म्हणजे ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकाची माहिती वाचण्याच्या सॉकेटला) लावायचे ब्लूटूथ रीडर आणि मोबाइलवरचे ॲप. डॅशबोर्डवरचा काटा मुद्दाम असा बनवलेला असतो की तापमान बऱ्याच अंशांनी वरखाली झाले तरी तो मध्यावरच स्थिर राहावा, त्यामुळे त्याच्यावरून बारीक निष्कर्ष काढता येत नाहीत. रीडरवर प्रत्यक्ष आकडा दिसतो. आधी रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत नुसती चावी फिरवून कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या मिश्रणाचे, तापमान आणि इंजिनात जाणाऱ्या हवेचे तापमान ताडून पाहा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतील तर सेन्सरवर विश्वास ठेवायला हरकत नाही. मग मोकळ्या रस्त्यावर न्या. निरोगी इंजिनात आकडा ८० च्या पुढे जाऊन तिथेच स्थिरावतो. तुमच्या गाडीत तो ६०-७० वर घुटमळत असेल तर प्रश्न मिटला. अनेक गाड्या अशा वेळी पी०१२८ हा कोडही नोंदवून ठेवतात, आणि त्याचा अर्थ कूलंट अपेक्षित तापमानापर्यंत पोचत नाही असाच आहे.

थर्मोस्टॅट काढल्यावर तो फेकून देण्यापूर्वी स्वयंपाकघरात त्याची परीक्षा घ्या, आणि नव्याचीही घ्या. पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने असा टांगा की तो तळाला किंवा कडेला टेकणार नाही, कारण तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो. दोऱ्याचे टोक झडपेच्या फटीत अडकवून टांगला तर आणखी चांगले. झडप उघडायला लागली की तो स्वतःच दोऱ्यावरून सुटून खाली पडतो आणि नेमका क्षण कळतो. शेजारी स्वयंपाकाचा किंवा प्रयोगशाळेचा थर्मामीटर धरा. ठाणे समुद्रसपाटीला असल्यामुळे पाणी इथे १०० अंशांना उकळते, म्हणजे ८२ किंवा ८८ ची झडप उघडताना आरामात पाहता येते. पाणी उकळेपर्यंत झडप साधारण ८ मिलीमीटर किंवा त्याहून अधिक वर उचलली गेली पाहिजे, आणि पाणी निवल्यावर ती पूर्ण मिटली पाहिजे. उजेडाकडे धरून कडेने प्रकाशाची रेघ दिसते का ते पाहा. तुमचा जुना थर्मोस्टॅट गार असतानाच अशी रेघ दाखवेल, असा माझा कयास आहे.

‘आपल्याकडे थंडी नाही’ या युक्तिवादाबद्दल थोडे स्पष्ट लिहायला हवे, कारण तो अनेक मेकॅनिक मनापासून मानतात. मे महिन्यातल्या ठाण्याची हवा ३५-३८ अंशांची असते आणि इंजिनाला हवे असतात ९० च्या आसपास. म्हणजे ऐन उन्हाळ्यातही बाहेरची हवा इंजिनाच्या मानाने पन्नास अंशांनी गार आहे. थर्मोस्टॅट नसेल तर वेगात जाणारे इंजिन इथेही कामाच्या तापमानाला पोचत नाही, संगणक ते अजून थंडच आहे असे समजून जास्त पेट्रोल देत राहतो, आणि ऑइल पुरेसे न तापल्यामुळे त्यातला पाण्याचा अंश आणि पेट्रोल उडून जात नाही. मायलेज घटण्याचे कारण इथे आहे. शिवाय थर्मोस्टॅट काढल्याने गाडी थंड राहीलच याचीही हमी नसते. पुष्कळ थर्मोस्टॅटांच्या मागच्या टोकाला दुसरी चकती असते. मुख्य झडप उघडली की ही चकती इंजिनातल्या इंजिनात फिरणाऱ्या पाण्याचा आडमार्ग बंद करते आणि सगळे पाणी रेडिएटरकडे वळवते. थर्मोस्टॅटच काढला तर तो आडमार्ग कायमचा उघडा राहतो आणि बरेच गरम पाणी रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात जाते. आमच्याकडे एक टॅक्सी अशाच अवस्थेत आली होती. थर्मोस्टॅट काढलेला, रेडिएटर नवा, तरी भरल्या प्रवाशांनिशी मुंब्रा बायपासचा चढ चढताना ती गरम होत असे. योग्य क्रमांकाचा थर्मोस्टॅट परत बसवल्यावर तक्रार थांबली.

ऑइलच्या झाकणाखालच्या पांढरट थराचा अर्थही या प्रकाशात वेगळा लागतो. सतत थंड चालणाऱ्या इंजिनात, विशेषतः पावसाळी हवेत, वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला थिजते आणि ऑइलमध्ये मिसळून तसा फेस तयार होतो. हेड गॅस्केट खरोखर गेले असेल तर पुष्कळदा डिपस्टिकवरचे (ऑइल मोजायच्या पट्टीवरचे) ऑइलही दुधी दिसते, कूलंट कुठेही न गळता कमी होत जाते, थंड इंजिन सुरू करताच कूलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे येतात आणि वरचा पाईप मिनिट-दोन मिनिटांत टणक होतो. यांपैकी काहीच तुम्ही लिहिलेले नाही. तरीही काटा अनेकदा लाल रेषेजवळ गेला असल्यामुळे शंका ठेवणे योग्य आहे, आणि तिचे निरसन हेड न उतरवता होते. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी ठेवून आतली हवा त्यातून ओढतात. कूलंटमध्ये जळका वायू येत असेल तर निळा द्रव पिवळा पडतो. ही चाचणी करून मागा. ती न करता हेड उतरवायला सांगणाऱ्याला थांबवा.

गाडी उलट पद्धतीने, म्हणजे जॅममध्ये ठीक पण चढावर किंवा वेगात गरम होत असती, तर मी आतून चोंदलेला रेडिएटर, झिजलेला वॉटर पंप किंवा आतल्या ओढीने दबणारा खालचा पाईप यांचा विचार केला असता. तुमच्या बाबतीत त्याची आज गरज नाही.

थर्मोस्टॅट बदलताना कूलंट काढावेच लागेल, तेव्हा ते पूर्ण नवे घाला. सोसायटीच्या बोअरवेलचे पाणी त्यात कधीही घालू नका, त्यातल्या क्षारांची पुटे रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. अर्धे कूलंट आणि अर्धे डिस्टिल्ड पाणी हे मिश्रण आपल्याकडे उत्तम चालते, आणि त्यातला गंजरोधक घटक इथे बर्फ होऊ न देण्याच्या गुणापेक्षा अधिक कामाचा असतो. कूलंटचा रंग हा त्याच्या प्रकाराचा पुरावा नव्हे, म्हणून मॅन्युअलमध्ये सांगितलेला प्रकारच घ्या. त्याच वेळी रेडिएटरचे झाकण बदला. हे झाकण आत दाब टिकवते आणि त्या दाबामुळेच कूलंट १२० अंशांच्या आसपासही उकळत नाही. त्याची रबरी चकती कडक झाली की दाब निसटतो आणि बाटली उतू जाते.

तोवर रोजचा प्रवास करावाच लागत असेल तर, काटा मध्याच्या वर सरकू लागताच एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा ब्लोअर जोरात लावा. उन्हाळ्यात हा उपाय नकोसा वाटतो, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे आणि तो बराच भार उचलतो. काटा लाल रेषेला लागला तर मात्र गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा आणि निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. गरम असताना ते उघडले तर उकळते पाणी तोंडावर उसळते, आणि घाईने गार पाणी ओतले तर हेडला तडा जाऊ शकतो.

कामाचा क्रम मी असा ठेवीन: आधी पंखा आणि रेडिएटरची सफाई, मग निळ्या द्रवाची चाचणी, मग थर्मोस्टॅट, झाकण आणि कूलंट एकत्र. थर्मोस्टॅट तुमच्या मॉडेलच्या पार्ट नंबरचाच घ्या, सोबत नवी रबरी रिंग घ्या, आणि त्याच्या कडेला लोंबती छोटी पिन असेल तर, मॅन्युअलमध्ये वेगळे सांगितले नसल्यास, ती वरच्या बाजूला येईल असा बसवायला सांगा, म्हणजे अडकलेली हवा तिथून निघून जाते. कूलंट भरताना हीटर गरमवर असू द्या आणि गाडीचे तोंड थोडे उंचावर ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना, रेडिएटरमधली आणि बाटलीतली पातळी पाहा. राहिलेली हवा निघाल्यामुळे ती थोडी खाली गेलेली असेल. तेवढी भर घाला. त्यानंतरही आठवडाभरात ती पुन्हा खाली जात राहिली तर गाडी परत गॅरेजला दाखवा आणि प्रेशर टेस्ट करून गळती शोधायला सांगा.